कूलरकाकांचे तीन तास

कूलरकाकांना उकडतंय असं मी कधी पाहिलं नाही. टेक्सासमधल्या प्लेनोतला ऑगस्ट, सकाळी दहालाच ड्राइव्हवेवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो. आणि हे गृहस्थ पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याशी बटण लावून, कुठल्यातरी पन्नास वर्षं जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले. "हे काय ऊन आहे? मे महिन्यात नागपूरला ये एकदा," असं ते गाडीच्या मालकाला, रॉन नावाच्या सहा फुटी टेक्सनला, आधी चक्क मराठीत सांगायचे आणि मग सावकाश इंग्रजीत.

जुन्या अमेरिकन गाड्यांचे एसी पुन्हा चालू करून देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. नोकरीभर त्यांनी मोठ्या इमारतींचे एसी डिझाइन केले. मग काकू गेल्या, मुलगी दूर मॉरिसव्हिलला स्थायिक झाली आणि घरात चार बेडरूम, एक गराज आणि काका उरले. 'कूलरकाका' हे नाव मराठी मंडळातल्या कुणीतरी ठेवलेलं. ते त्यांना मुळीच आवडायचं नाही. "कूलर पाणी उडवतो. मी गॅसचं काम करतो," असं ते गंभीरपणे समजावून सांगायचे. त्यामुळे ते नाव आणखीच पक्कं झालं.

मी त्यांच्याकडे गेलो तो बायकोच्या धाकाने. हौसेने एक लांबलचक निळी जुनी गाडी घेतली होती आणि एसी चालू झाल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. दोनदा गॅस भरून झाला होता. दोन्ही वेळा आठवडाभरात गार हवा गायब. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गॅस संपत नसतो बाबा, पळत असतो. कुठून पळून राहिला ते पाहायचं सोडून तू भरत काय बसला?"

त्यांनी सगळे जुने पाइप आणि रबराच्या रिंगा बदलल्या. मग पंप लावून आतली हवा ओढून घेतली, पंप बंद केला आणि मीटरकडे बोट दाखवलं. सुई जागेवर राहिली तर गळती नाही. सरकली तर आहे. "तीन तास पाहावं लागते. तोपर्यंत कुठे जाऊ नको."

कुठे जाणार? गराजात खुर्च्या मांडलेल्या होत्या. काकांनी आतून स्वतः केलेले तर्रीपोहे आणले, चहा आणला. रॉन स्वतःची गाडी कधीच दुरुस्त झालेली असूनही हजर होता आणि नाकातून पाणी गाळत तिसऱ्यांदा तर्री मागत होता. सुईकडे बघत बसलं की माणसं बोलायला लागतात. त्या तीन तासांत रॉनने बायकोच्या आजारपणाबद्दल सांगितलं, मी ग्रीन कार्डची रडकथा सांगितली. काका फारसे बोलायचे नाहीत. मधूनच उठून मीटर बघायचे आणि म्हणायचे, "अजून सांगता येत नाही."

मी पडलो आयटीतला, त्यातून पुण्याचा. एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात लोकांनी तीन-तीन तास ताटकळावं, आणि त्याने त्यांना पोहे करून घालावेत, हे मला बघवेना. एका शनिवारी बसून मी त्यांच्यासाठी ऑनलाइन बुकिंगचा फॉर्म तयार केला. सकाळी गाडी सोडायची, काम झालं की फोनवर मेसेज, संध्याकाळी घेऊन जायची. "काका, आता कोणी डोक्यावर बसणार नाही तुमच्या," मी ऐटीत सांगितलं. त्यांनी फॉर्म नीट पाहिला. "वा, चांगलं केलंस," म्हणाले. त्यांना तो हवाय का, हे मी विचारलंच नाही; मला शाबासकी मिळालेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझी गाडी पुन्हा त्यांच्याकडे गेली. रीतसर स्लॉट घेऊन सोडली आणि ऑफिस गाठलं, तर आत शिरायचा बॅज गाडीतच राहिलेला. तासाभरात परत आलो. बॉनेट बंद होतं, एसी सुरू होता आणि काका ड्राइव्हवेवर माझ्या गाडीत एकटेच बसले होते. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटवर.

"झालंसुद्धा काका? आणि ते तीन तास?"

"सुईला अर्धा तास पुरे होते."

"पण तुम्ही तर..."

"पहिले लागायचे," ते म्हणाले. "आता नाही लागत."

मला इतकी लाज वाटली की बॅज न घेताच मी निघालो. त्याच दिवशी फॉर्म बंद केला. पण सवय मोडली होती; लोक आता फोन करून सांगायचे, सोडून जातो, संध्याकाळी येतो. एका रविवारी मी नुसताच गेलो, निळी गाडी घरीच ठेवून. काका दार उघडून माझ्या मागे बघत राहिले. "गाडी कुठे आहे?" नाही आणली म्हटल्यावर गडबडले. आम्ही सोफ्यावर समोरासमोर बसलो, ते हात मांड्यांखाली घालून. हवेबद्दल बोलून झालं. पंधरा मिनिटांत आम्ही दोघंही थकलो. ज्या माणसाला 'बस जरा' एवढं म्हणता येत नव्हतं, त्याने त्यासाठी एक सुई शोधून काढली होती, आणि मी ती काढून घेतली होती.

मग मुलीने काकांचं घर विकून त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मॉरिसव्हिलला तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, गराज नाही. मूव्हर्स सोमवारी येणार होते. शनिवारी सकाळी मी माझ्या निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या रबरी नळीचा क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरने दोन आटे सैल केला आणि थेंब-थेंब पाणी गाळत काकांकडे गेलो.

"काका, कूलंट लीक होतंय. काय झालंय कळत नाही."

हत्यारं खोक्यांत बांधून झाली होती. एका खोक्याची टेप फाडून त्यांनी टॉर्च काढला. वाकले. क्लॅम्पच्या स्क्रूवर ताजा चकचकीत ओरखडा होता. तो त्यांना दिसला, आणि त्यांना दिसल्याचं मलाही दिसलं.

मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"मोठं काम आहे रे," ते म्हणाले. "संध्याकाळ होईल."