पंप बसल्यावर

आज नागपूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, जिथे मी घरच्यांशी भांडून काही वर्षे उशिराच पोचले, पेट्रोलचा वास आला आणि अकोल्याच्या जठारपेठेतले आमचे अंगण आठवले. विटांवर चढवलेल्या मोटारीखाली मी पोत्यावर उताणी पडले होते. पेट्रोलचा पंप निकामी झाला होता आणि लढाईच्या त्या दिवसांत मिस्त्री मिळत नव्हता. वडील म्हणाले होते, "सुमे, नवा पंप बसवशीन त नागपूरले कॉलेजात धाडीन."

बोल्ट सोडवताना पेट्रोल मनगटावरून ओघळून खरचटलेल्या कोपराला झोंबत होते. ओट्यावरून काका ओरडले, "लुगडं सांभाळ व, नाई त इंजन नेसून घेईन!" सारे हसले.

इंजिन सुरू झाले, तेव्हा मी वडिलांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "सारंच त येते तुले. आता शिकून काय करतं?"

तेव्हा वाटले, त्यांनी शब्द मोडला. आता दिसते की पंप बसला नसता, तर "तुले काय येते?" असे म्हणून त्यांनी तोच निष्कर्ष काढला असता.

मी हात धूत असतानाच वडील आणि काका त्या मोटारीत बसून माझे लग्न ठरवायला अचलपूरला निघाले. मोटार वाटेत एकदाही बंद पडली नाही.