टेकडीवर गेलेली आळी

आपटा गावात आमच्या नदीकाठच्या आळीत पनवेलहून एक कॉलेजची मुलगी आली होती. नाव सांगितलं होतं तिने, मी विसरले. कोणाच्या घरात पुराचं पाणी शिरतं ते मोबाइलमध्ये भरायचं, आणि त्यावरून पुराचा इशारा कोणाला द्यायचा ते ठरणार होतं. "पाणी कमरेपर्यंत येतं," असं कोणी म्हटलं की ती मान हलवून "मध्यम" असं टिपायची आणि ओढणीने मोबाइल पुसायची. आळीत रेंज नाही, म्हणून प्रत्येक घराची माहिती ती टेकडीवरच्या देवळापाशी जाऊन पाठवायची.

तिसऱ्या दिवशी नकाशा दाखवत म्हणाली, "आजी, तुमची आळी सुरक्षित आहे. इशाऱ्याची गरज नाही."

नकाशात आमची सगळी घरं देवळाभोवती दाटीने बसली होती.

"बाय, आमी देवलात राहतो काय? तू उभी राहिलीस तिथं घरं गेली."

"ॲप आपोआप जागा घेतं, आजी."

"मग पूर आला की ॲपला सांग, म्हातारीला उचलून वर ठेव."

ती ओशाळली. मग माझ्याजवळ उंबऱ्यावर बसली आणि मी सांगेन तसं एकेक घर तिने बोटाने ओढून नदीकाठी आणलं. सगळी आळी पुन्हा पुरात आली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.