गोड आजीचं खातं

प्रूफवाले ज्या वर्तमानपत्रात छपाईआधी मजकूर तपासायचे, ते बंद पडलं तेव्हा त्यांना साठी गाठायला एक वर्ष बाकी होतं, आणि हातात कला एकच: दुसऱ्याच्या चुका शोधण्याची. असल्या कलेला निवडणुकीसारखं गिऱ्हाईक नाही. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एका उमेदवाराची प्रचार कचेरी होती. तिथे त्यांना सहा फोन मिळाले आणि सोशल मीडियावर चालवायला सहा खोटी माणसं. त्यांतली लाडकी 'गोड आजी'. ती सकाळी सुविचार टाकायची आणि दुपारी विरोधकांच्या सात पिढ्या उद्धरायची. चाळीस हजार लोक तिच्या शब्दाला मान द्यायचे. घरी प्रूफवाल्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. छापखान्यात काम मिळालंय, असं त्यांनी बायकोला आणि सासरी असलेल्या मुलीला सांगून ठेवलं होतं.

मतदानाला नऊ दिवस उरले असताना एका नर्सने व्हिडिओ टाकला. उमेदवाराने फीत कापून उघडलेला मुलांचा वॉर्ड तिने आतून दाखवला. खाट एकही नव्हती, नुसते रंगाचे डबे. दुपारपर्यंत तो शहरभर पसरला. कचेरीच्या साहेबांनी तिचा फोटो सगळ्यांना पाठवला आणि संध्याकाळपर्यंत ही बाई तोंड दाखवायच्या लायकीची राहता कामा नये, असं बजावलं.

ती प्रूफवाल्यांची मुलगी होती.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. पण मग नोकरी गेली असती, आणि आजीही. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं आणि नर्सबाईंना प्रसिद्धीची हौस आहे, असं काहीतरी बेचव लिहून दिलं.

साहेब म्हणाले, "काका, यात मीठच नाही. तुमच्या आजीकडून ही अपेक्षा नव्हती."

हे त्यांना झोंबलं. लेकीच्या अब्रूपेक्षा स्वतःच्या लिखाणाची लाज जास्त, काय म्हणावं या माणसाला! त्यांनी आजीच्या खात्यावर लिहिलं, 'लग्नाआधी स्वतःचं पोर पाडून आलेली बाई आपली लेकरं काय जपणार?' शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी मुलगी माहेरी आली. नवऱ्याने तिला घरात घेतलं नव्हतं.

"आई, हे आपल्या तिघांनाच माहीत होतं," ती म्हणाली. "कुणाला सांगितलंस?"

आईने तिच्या गळ्याची शपथ घेतली. मग मुलीने बापाकडे पाहिलं. अजूनही वेळ गेली नव्हती.

"हिच्या तोंडात कधी तीळ भिजलाय का?" प्रूफवाले म्हणाले.

मुलीने पिशवी उचलली. आई अनवाणी जिना उतरून हाका मारत राहिली, पण ती थांबली नाही.

वर आल्यावर आई कितीतरी वेळ आठवत बसली. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली, तेवढ्यात आपण कधी, कुणापाशी बोलून गेलो असू? शेवटी तिला एक जुनी शेजारीण आठवली. तिच्याजवळच आपली जीभ सैल सुटली असणार, असं तिला वाटू लागलं. तिने रडत रडत नवऱ्याची माफी मागितली, आणि त्यांनी तिला माफ केलं.