काशीने लावलेल्या जोड्या

खरवईत जाऊन हरिचंद्रची ढाबळ कुठे म्हणून विचारा, शेंबडं पोरसुद्धा गच्चीकडे बोट दाखवील. चारी बाजूंनी टॉवर उठलेत, त्यांच्या एकूण एक गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळ्या लावल्यात, आणि मधोमध हरिचंद्रचं बैठं घर. त्याच्या गच्चीवर प्लाय आणि तारेची जाळी मारून खास कबुतरांसाठी बांधलेली खोली, तीच ढाबळ. पण 'काशीची कबुतरं कुठे?' असं विचारलंत तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघत राहतील. काशी कोण? हां, हरिचंद्रची बायको! तिचं काय?

तिचं काय, तेच तर सांगायचंय.

सव्वीस वर्षांपूर्वी हरिचंद्रने उल्हासनगरच्या बाजारातून खोक्यातून चार कबुतरं आणली. साधी नव्हेत, होमर. होमर म्हणजे शेकडो मैल लांब नेऊन सोडलं तरी आपल्याच घरी परत येणारं कबूतर. त्यांच्या शर्यती लागतात. टेम्पोतून करंड्या भरून पाखरं सोलापुराकडे न्यायची, पहाटे सोडायची आणि इकडे आपापल्या गच्चीवर डोळे लावून बसायचं. ज्याचं पाखरू लवकर घरात शिरलं तो जिंकला. हरिचंद्रला या नादाने पछाडलं होतं. काशीची मात्र तेव्हा लेक भाविका लहान, सासू अंथरुणाला खिळलेली. ती खोक्याकडे बघून म्हणाली, "माणसांना पुरं पडत नाय, आता यांचं कोण करनार?"

कोण करणार म्हणजे काय! हरिचंद्र आनंदनगर एमआयडीसीत ऑपरेटर. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड. कबुतरांना शिफ्ट कळत नाही. त्यांना सकाळी सहाला दाणा लागतो म्हणजे लागतो. पुरुषांचे शौक हे असे असतात. आणायचे त्यांनी, निस्तरायचे बायकांनी. महिन्याभरात झाडलोट, पाणी, मका-वाटाणा-करडई निवडणं, वाळलेली घाण पत्र्याने खरवडून काढणं, सगळं काशीच्या गळ्यात पडलं. ती धुसफुसत करायची, पण करायची.

आणि करता करता तिच्या हाताला काहीतरी कळायला लागलं.

पाखरू दोन्ही हातांत धरलं की त्याचं काळीज धडधडतं, हे कुणालाही कळतं. काशीला कळलं ते असं, की प्रत्येकाची धडधड वेगळ्या वेळाने थांबते. काही पाखरं अंगठा छातीच्या हाडावरून दोनदा फिरवला की निवांत होतात. काही शेवटपर्यंत थडथडत राहतात. तापट नर वाऱ्यासारखा उडतो, पण वाटेत ससाणा दिसला की बावचळून भलतीकडे जातो. थंड मादी उशिरा येते, पण येते. हरिचंद्र तेव्हा रंग बघून जोड्या लावायचा. पांढऱ्याला पांढरी, राखीला राखी, जसं काही साड्यांना ब्लाउज शोधतोय. एकदा तो सेकंड शिफ्टला गेला आणि काशीने गुपचूप दोन खणांतल्या माद्यांची अदलाबदल केली. त्या जोडीची पिल्लं पुढच्या हिवाळ्यात सोलापूरहून सगळ्यांच्या आधी घरी आली.

हरिचंद्रला हे कळलं नाही असं नाही. चौथ्या वर्षापासून तो स्वतःच विचारायचा, "काशे, यंदा कुनाला कुनाशी लावायचं?" ती सांगायची, तो लावायचा. पण अंबरनाथला कबुतरवाल्यांच्या क्लबात कुणी पाठ थोपटून विचारलं, 'ही जोडी कुणाच्या डोक्यातून आली?', तर तो पहिल्यांदा नुसता हसला, दुसऱ्यांदा मान हलवली, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "मीच लावली की!" माणूस वाईट नव्हता हो. एकदा तोंडातून गेलं आणि मग परत घेता आलं नाही, एवढंच. कपाटात कप वाढत गेले. सगळ्यांवर त्याचं नाव. ते पुसायचं कामही काशीकडेच.

तिला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण पहाटे ढाबळीचं दार उघडलं की सगळी पाखरं एकदम तिच्याकडे मान वळवायची, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. रखमा शेजारीण म्हणायची, "तू पोरीला इतकं कुरवाळलं नाय कधी." काशी म्हणायची, "पोरगी पिसं फुगवून बसत नाय ना!"

दोन वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला. काशीने कंपन्यांच्या धुराला शिव्या घातल्या, मग बांधकामाच्या धुळीला. आलं-मध झालं, काढे झाले. मग गच्चीचा जिना चढताना मध्येच बसावं लागायला लागलं. शेवटी भाविका, आता लग्न होऊन हेंद्रेपाड्यात राहणारी तिची लेक, एक दिवस आली ती रिक्षा दारात उभी ठेवूनच. आईला आणि बाबांना दोघांनाही तिने छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोघांच्याही तपासण्या करून घेतल्या. म्हणाली, "घर एकच, हवा एकच."

डॉक्टर तरुण होते. स्कॅन उजेडात धरून त्यांनी विचारलं, "घरात कबुतरं आहेत?"

"मी पालतो," हरिचंद्र छाती काढून म्हणाला. "सव्वीस वर्षं झाली. शौक माझा हाय."

डॉक्टरांनी दुसरा फोटो घेतला, परत पहिला घेतला. "काका, कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींना हा आजार होतो. काकूंची फुप्फुसं सुकत चाललीयत. तुमची मात्र स्वच्छ आहेत. शौक तुमचा, तर त्या खोलीत रोज कोण जातं?"

तोंडात कुणी मारल्यासारखा हरिचंद्र बसून राहिला. सव्वीस वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं ते त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंनी अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं होतं. भाविका बापाकडे बघत होती आणि काशी आपल्या चपलांकडे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एकही कबूतर घरात नको, ढाबळीत पाऊल नको, पाखरांना हात लावलेले कपडेसुद्धा घरात नकोत. गोळ्या घ्यायच्या. आता थांबलात तर आहे तेवढा श्वास टिकेल, नाहीतर तोही जाईल.

घरी येऊन काशी रडली, पण ती छातीसाठी नाही. लोकांना वाटतं पाखरं द्यायची म्हणजे दिली, झालं. होमरचं तसं नसतं. एकदा खरवईच्या गच्चीवरून उडालेलं पाखरू दुसऱ्याला दिलं आणि त्याने मोकळं सोडलं, की ते तडक खरवईला. म्हणून घेणारा त्याला जन्मभर जाळीत कोंडून ठेवतो आणि फक्त जोडी लावून पिल्लं काढतो. त्या पिल्लांचं घर मग नवं. म्हणजे काशीच्या पाखरांचं उडणं संपलं होतं. उरल्या होत्या त्या नुसत्या जोड्या. आणि जोड्या चुकल्या तर सव्वीस वर्षांत अंगठ्याने निवडून निवडून जे रक्त तिने उभं केलं, ते दोन विणींत मातीत जाणार. हे तिला एकटीला कळत होतं आणि तिला विचारावं हे कुणाला माहीतच नव्हतं.

पाखरं न्यायला रविवारी अंबरनाथहून चिंतामणी आले. मोठ्या कारखान्यातले रिटायर्ड ऑफिसर, क्लबाचे जुने खेळाडू, बोलणं तोलून मापून. बरोबर करंड्या, हातात वही. काशीला वर जायची बंदी, म्हणून ती नाकाला मास्क लावून समोर रखमाच्या ओट्यावर बसली होती. हरिचंद्र एकेक पाखरू खाली आणत होता आणि ती लांबूनच ओळखत होती.

"हां, हरिचंद्र," चिंतामणींनी पेनाचं टोपण काढलं. "आता एकेक जोडी लिहून घेतो. हा तुझा काळा नर, तीनदा पहिला आलेला. ह्याला कुठली मादी?"

हरिचंद्र पाखरू हातात घेऊन उभा. त्याने ओट्याकडे बघितलं. काशीने नजर दुसरीकडे वळवली. आज तरी मी नाही सांगणार, असं तिच्या मनात होतं. सांगेल काहीतरी ठोकून, नेहमीसारखा.

"मला ठाव नाय," हरिचंद्र म्हणाला.

चिंतामणी हसले. "अरे, चेष्टा काय करतोस? सव्वीस वर्षं..."

"चेष्टा नाय साहेब. उडवली मी, मिरवली मी. केली हिनं. एकपन जोडी माझी नाय. मी क्लबात खोटं बोललो." त्याचा आवाज चिरकला. "डॉक्टरला कळलं, तुमाला पन कळूं द्या. तिला विचारा."

रस्त्यावरून पाण्याचा टँकर घरघरत गेला. मग चिंतामणी वही घेऊन ओट्यापाशी गेले, पण दहा पावलांवर थांबले, कारण त्यांच्या बाह्यांना पिसं लागली होती. "वहिनी, सांगा."

काशीने मास्क नाकावर नीट बसवला. राग आला की आनंद झाला, तिलाच सांगता येत नव्हतं. सव्वीस वर्षं लागली मेल्याला, असंही आलं मनात. पण पाखरं करंडीत होती आणि वेळ थोडा होता. तिने मास्कमधून सांगायला सुरुवात केली. काळ्याला ती राखी, शेपटीत एक पांढरं पीस असलेली. तांबड्याला ठिपकेवाली. चिंतामणी लिहीत गेले. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"पण वहिनी, ही राखी तर कधी विसाच्या आत आलेली नाही. काळ्याला निळीच पाहिजे ना? ती दोनदा पहिली आलीय. चॅम्पियनला चॅम्पियन."

"निळी तापट हाय, काळापन तापट. पिल्लं घरी नाय यायची."

"बघू," चिंतामणी म्हणाले. सभ्य माणूस 'नाही' कसं म्हणतो, ते हे. शेवटची करंडी टेम्पोत चढली तेव्हा काशी उठून घरात गेली. बघायचं नव्हतं तिला.

ढाबळ हरिचंद्रने स्वतः मोडली. तोंडाला फडकं बांधून तीन दिवस घासली, प्लाय भंगारवाल्याला दिला, अंगावरचे कपडे बाहेरच धुतले. पहिल्यांदाच त्याला कळलं, ती खोली साफ करायची म्हणजे काय. त्याने तसं बोलूनही दाखवलं. काशी म्हणाली, "कलालं ना? बस झालं." ती आता त्याच्याशी जास्त बोलायची नाही. सहा वाजता जाग यायची, आणि करायला काही नसायचं. रखमाने पापड लाटायला बोलावलं, भजनाला बोलावलं. ती जायची, बसायची, परत यायची. हात नुसते मांडीवर पडलेले असायचे. पाखरांबरोबर आपल्याला येत होतं ते सगळंच करंडीत घालून दिलं, असं तिला वाटायचं. लिहायला येत नव्हतं, बोलायला कुणी विचारत नव्हतं.

जानेवारीत एके सकाळी हरिचंद्रचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. चिंतामणी आपल्या गच्चीवर, केस विस्कटलेले, अंगात जुनं स्वेटर. "वहिनींना दे," म्हणाले.

काशीने फोन धरला.

"वहिनी, मी काळ्याला निळी लावली होती," ते म्हणाले. "चार पिल्लं निघाली. उडायला अशी की बघत राहावं. परवा नेरळहून सोडली. नेरळ हो! डोळ्यांसमोरचं अंतर. चारातलं एकही घरी आलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चाळीस वर्षं पाखरं पाळतोय, म्हटलं, मला काय..."

काळ्याची पिल्लं. काशीने ती बघितलीही नव्हती.

"राखी हाय ना?" तिने विचारलं.

"आहे. पण आता नुसतं हिला ही, त्याला ती, असं लिहून नको. तुम्ही काय बघता ते सांगा. मला शिकायचंय."

"ते काय सांगायचं," काशी पुटपुटली. "हाताचं हाय ते." तिने हरिचंद्रकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली, सांग म्हणून, आणि फोन धरायला हात पुढे केला, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे होतील.

"फोन टेकवून ठेवा, राखीला घ्या. दोनी हातांत. दाबू नका, साहेब, नळ नाय तो! हां. आता अंगठा छातीच्या हाडावर. वरनं खाली. डोलं मिटा."

पडद्यावर चिंतामणींनी डोळे मिटले. सत्तरीचा माणूस, कोवळ्या उन्हात, कबूतर धरून डोळे मिटून उभा. इकडे काशीचे दोन्ही हात हवेत तसेच गोल झालेले, अंगठा रिकाम्या जागेत फिरत होता.

"काय लागतं?"

"हाड."

"हाड तर सगल्यांनाच असतं!" ती हसली, हसता हसता खोकली, हरिचंद्र पाणी आणायला वळला तर तिने खुणेनेच त्याला थांबवलं. "काळीज बघा. धडधडतं ना? परत फिरवा अंगठा. घाई नको."

चिंतामणींचा अंगठा परत एकदा वरून खाली गेला. मग चिंतामणींनी डोळे उघडले. "थांबलं," ते हळूच म्हणाले. "वहिनी, शांत झाली ही. माझ्या हातात शांत झाली."

"आता निळीला घ्या. मंग कलंल तुमाला."

त्यांनी घेतली. त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते काशीला दिसलं, बोलायची गरजच पडली नाही. उद्या याच वेळी तांबडा घेऊन बसा, असं सांगून तिने फोन ठेवायला लावला.

हरिचंद्र समोरच उभा होता. फोन अजून त्याच्या हातातच होता. काशी आपल्या हातांकडे बघत होती, आणि तिचे डोळे वाहायला लागले होते.

"अहो," ती म्हणाली, "मला शिकवता येतंय की!"