बर्फातला फोटो, मधात आई

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही दोघं कुठं कुठं उभे आहोत ते आधी सांगते. एका पानावर धबधब्यासमोर. एका पानावर पॅरिसच्या त्या लोखंडी मनोऱ्याखाली. एका पानावर मी कमळात बसले आहे आणि नवरा ढगातून वाकून माझ्याकडे पाहतोय. शेवटची पानं म्हणजे तर नुसता बर्फ. पांढरे डोंगर, पांढरी झाडं, पांढऱ्या साडीत मी आणि पांढऱ्या शर्टात हा. त्यामुळं आमची डोकी तेवढी नीट दिसतात. लग्न झालं ते केनवडला, माझ्या माहेरी, मे महिन्यात, शाळेसमोरच्या मैदानात. त्या दिवशीच्या उन्हानं मंडपातला कूलरसुद्धा बसला होता.

लग्न आमच्या पद्धतीचं, साधं. त्रिशरण, पंचशील, दोन हार, टाळ्या, की लगेच पंगत. फोटोवाला सासरकडचा, मंगरूळचा. त्याची मोठी पंचाईत झाली. अल्बम ठरलेला जाडजूड, आणि लग्न असं की त्यानं कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत उरकलं. मग पाहुण्यांच्या पंगतीचे फोटो लावून उरलेली पानं त्यानं कॉम्प्युटरवर बसून आम्हाला जग फिरवून भरून काढली. आमच्याकडं याला मिक्सिंग म्हणतात, आणि मिक्सिंग नसलेला अल्बम कोणी पाहुण्यांसमोर ठेवत नाही.

मी नर्स आहे. वाशीमला शिकले, मग नागपूर, मग कॅनडा. तिथल्या एका लहान शहरात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. काही वर्षं राबल्यावर तिथं कायम राहायचा परवाना मिळाला, तेव्हा कुठं बाबांना वाटलं की आता पोरीचं लग्न करायला हरकत नाही. स्थळं बरीच आली. त्यातल्या निम्म्यांना मी नको होते, कॅनडा पाहिजे होतं, हे मला पोहे संपायच्या आत कळायचं, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायची. बाबा कपाळाला हात लावायचे. आसेगावचा हा एकटाच असा निघाला की त्यानं कॅनडाबद्दल एकच गोष्ट विचारली. तिथं तुम्ही एकट्याच राहता का? बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान, मोठ्या भावासोबत सोयाबीन-तुरीची शेती, बोलणं मोजकं. मी त्याच दिवशी हो म्हटलं.

रजा संपली, मी परत गेले आणि नवऱ्याला बोलावून घ्यायचा अर्ज टाकला. तिकडं याला स्पॉन्सर करणं म्हणतात. आसेगावात याला उलटी गंगा म्हणतात. जगात नवरा बायकोला नांदायला नेतो, इथं बायको नवऱ्याला नेऊन राहिली होती. दुकानावर मोटर घेऊन येणारा प्रत्येक जण आधी त्याला विचारायचा, काय गा, सासरी कधी जातं? हा वायरीतून मान वर न काढता सांगायचा की मुराळी आला का जातो. माहेरून न्यायला येणाऱ्या माणसाची वाट नव्या नवरीनं पाहावी, तशी हा माझी वाट पाहत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. मला हा माणूस तेव्हा फोनवरच फार आवडायला लागला.

अर्जाला पुरावे लागतात. लग्न खरं आहे, परदेशात यायला केलेलं नाटक नाही, हे तिथल्या सरकारला पटवावं लागतं. सोबतचे फोटो जोडा, असं लिहिलेलं होतं. फोटोंचं काम नवऱ्याकडं होतं. त्यानं घरी ठेवलेली अल्बमची दुसरी प्रत उघडली, त्यातली सगळ्यात देखणी पानं निवडली आणि जोडून टाकली. धबधबा, मनोरा आणि बर्फ. कमळ मात्र ठेवलं नाही, कारण त्यात तो स्वतः ढगात होता आणि ते त्याला बरोबर वाटलं नाही.

पुष्कळ महिने गेले आणि पत्र आलं. भाषा सभ्य होती. आपण कधीही भारताबाहेर गेलो नाही असं अर्जदारानं लिहिलं आहे, तर मग हे फोटो कुठले? ते बनावट दिसतात, त्यामुळं लग्नाच्या खरेपणाबद्दल शंका आहे, तेव्हा खुलासा करा आणि मुलाखतीला दिल्लीला या. मी वाचलं आणि माझं डोकं सणकलं. रागाखाली भीतीही होती. खोटेपणाचा शिक्का बसला असता तर त्याला त्या देशात पाय ठेवायला वर्षानुवर्षं मिळालं नसतं. लग्न होऊन आम्ही एकत्र राहिलो होतो ते जेमतेम रजेपुरते. बाकी सगळा संसार फोनवर, त्याच्या सकाळी आणि माझ्या संध्याकाळी.

रजा घेऊन मी आसेगावला आले आणि सगळ्यात आधी नवऱ्याला गाडीवर मागं बसवून मंगरूळ गाठलं, फोटोवाल्याशी भांडायला. मूळचे फोटो दे म्हटलं, तर म्हणे हार्ड डिस्क उडाली. मी त्याला पुष्कळ बोलले. कोणी सांगितलं होतं तुला आम्हाला बर्फात उभं करायला? त्यानं एकदा माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवरा छताच्या पंख्याकडं पाहत होता. पण फोटोवाल्याला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"बनावट कायले म्हनतात मॅडम?" तो म्हणाला. "हात लावून पाहा म्हना त्याईले. कुठी जोड दिसते का."

तिथून काही मिळणार नाही हे कळल्यावर आम्ही घरी येऊन सगळ्यांचे मोबाइल गोळा केले. फोटो होते, भरपूर होते, अगदी खरे होते. अडचण एवढीच की प्रत्येक फोटोत आमच्या दोघांच्या मधात माझ्या सासूबाई होत्या.

हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. नव्या जोडीचा दोघांचाच फोटो काढू नये, नजर लागते, असं आईंचं ठाम मत. आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही, सासरे होते तेव्हा तर अजिबात नव्हता. पण नजर ही अंधश्रद्धेत येत नाही, असंही आईंचंच मत. त्यामुळं कोणी आमच्याकडं मोबाइल रोखला, की त्या असतील तिथून यायच्या. तव्यावरची भाकर सोडून यायच्या, तुरीच्या ओळीतून विळा घेऊन यायच्या. शिरपूरच्या बसस्टँडवर तर उसाच्या रसाचा ग्लास हातात घेऊन आल्या आणि मधात उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हसणं नाही, नजर समोर. एका फोटोत नवऱ्याचे नुसते केस दिसतात, आईंच्या डोक्यामागून. शेजारची बाई एकदा म्हणाली होती की तिघांचा फोटो काढू नये, मधातल्याला वाईट असतो. त्यावर आई म्हणाल्या होत्या, "मंग मधात मीच तं हाय. मले काय होते?"

आता सगळे फोटो बाजेवर पसरून मी हसावं की रडावं अशा अवस्थेत बसले. जिथं आम्ही जवळ उभे होतो ते सगळे खोटे, आणि जे खरे त्यात मधात आई. मी म्हटलं, हे पाहून साहेब विचारेल, लग्न नेमकं कोणाचं कोणाशी झालं. नवरा हसला. आई हसल्या नाहीत. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या.

"माह्यानं तुमचं काम अडलं का वं पोरी?"

मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि नाही म्हणून सांगितलं. खरंच नव्हतं अडलं. पण त्यांचा चेहरा उतरला तो काही वर येईना. थोड्या वेळानं त्या स्वतःच म्हणाल्या, "हेच नेजा. खोटं तं नाई त्यात काई." आम्ही तेच केलं. आईंसकट सगळे फोटो घेऊन दिल्लीच्या गाडीत बसलो.

मुलाखत आमची वेगवेगळी झाली. आधी मी. समोर एक मध्यम वयाच्या मॅडम होत्या आणि शेजारी हिंदीचे दुभाषी. त्यांनी विचारलं, हे बर्फातले फोटो कोणी करवून घेतले? मी सरळ सांगितलं की फोटोवाल्यानं आपल्या मनानं केले, अल्बम हातात आला तेव्हाच आम्ही ते पाहिले. मग त्यांनी मोबाइलवरचे फोटो पाहिले. रसाच्या ग्लासवाल्या फोटोवर थांबून विचारलं, या बाई कोण? मी नजरेचं सगळं समजावून सांगितलं. त्या लिहीत राहिल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मग मला बाहेर बसवलं आणि याला आत घेतलं.

तो बाहेर आला तो अगदी शांत. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, काय विचारलं? म्हणाला, तेच, बर्फ कोणी टाकला. मी म्हटलं, मग?

"खरं सांगतलं. म्हटलं, मीच टाकाले लावला."

मी आत एक सांगितलं होतं आणि यानं नेमकं उलटं. नवरा-बायकोची उत्तरं जुळत नाहीत, याहून मोठा पुरावा त्या लोकांना कोणता लागणार होता? मी दिल्लीच्या फुटपाथवर त्याला अस्सल वऱ्हाडीत जे झापलं, ते ऐकून चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मंगरूळला मी त्या बिचाऱ्या फोटोवाल्याचा उद्धार करत होते तेव्हा तोंड का उघडलं नाही, हेही विचारलं. त्यानं माझं सगळं होऊ दिलं. मग ग्लास खाली ठेवला.

"तू लग्नाआधी फोनवर सांगतलं होतं ना," तो म्हणाला, "का पह्यला बर्फ पडला का तू खिडकीत उभी राह्यतं अन् पाहाले संगं कोनी नसते. मले ते लय लागलं होतं. म्हून फोटोवाल्याले म्हटलं, बाकी कुठीबी उभं कर बा, पन शेवटी तिच्या संगं बर्फात उभं कर. अल्बम तू तिकडं नेशीन. तठी पाह्यशीन."

अल्बम मी खरंच सोबत नेला होता, आणि हिवाळ्यात ती शेवटची पानं उघडून आमच्या डोक्यांना हसायची. मला रडू आलं आणि मी तिथंच, टपरीवर, ओढणीनं डोळे पुसले. हे मॅडमला सांगितलं का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, हेच सांगितलं. मग त्या काय म्हणाल्या? काही नाही, त्यांनी लिहून घेतलं आणि जा म्हणाल्या.

मी परत कामावर गेले. वाट पाहण्याचे ते महिने मी फार चिडचिड करत काढले. माझ्या वॉर्डातल्या आज्यासुद्धा मला शांत राहायला सांगायच्या. आणि एका संध्याकाळी कळवलं त्यांनी. मंजूर. का, कशामुळं, काही लिहिलेलं नव्हतं. मी आसेगावला फोन लावला तेव्हा तो कोणाच्या तरी बोअरवर गेला होता, म्हणून ती बातमी सगळ्यात आधी आईंना सांगावी लागली. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, मुराळी आला."

तो आला आणि पंधरवड्यात पहिला बर्फ पडला. आम्ही दोघं खिडकीत उभे होतो. मग तो लहान पोरासारखा खाली धावला आणि मी जाकीट घेऊन त्याच्या मागं. शेजारच्या आजोबांनी आमचा फोटो काढला. काही देखणा वगैरे नाही. त्याचे डोळे मिटलेले, नाक लाल, अंगावर माझं जुनं गुलाबी जाकीट. मिक्सिंगमध्ये आम्ही पुष्कळ बरे दिसत होतो. पण घरात येऊन नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की आम्ही दोघं जवळ उभेच राहिलो नव्हतो. मधात एक माणूस मावेल एवढी जागा सोडली होती. सवयच तशी लागलेली. तो फोटो आम्ही आसेगावला पाठवला.

आठवड्याभरानं तोच फोटो परत आला. आई बसनं मंगरूळला गेल्या होत्या, त्या फोटोवाल्याकडं. आता मधात त्या उभ्या आहेत. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पायात चपला, भोवती घोटाभर बर्फ, हसणं नाही. जागा अगदी मापात भरली आहे. पाठोपाठ फोन आला की जागा ठेवली हे बरं केलं, आणि हात लावून पाहा, जोड दिसते का.

आता आईंना काही महिने आमच्याकडं बोलवायचं आहे. त्याचाही अर्ज असतो, त्यालाही एकत्र फोटो लागतो. त्या म्हणतात हाच लावा. मी म्हटलं, आई, पुन्हा खोटा म्हणतील.

"खोटं काय हाय त्यात?" त्या म्हणाल्या. "तुमी दोघं जठी, मी तठी मधात."

मी तोच फोटो अर्जाला जोडला. या वेळी खुलासा आधीच लिहून टाकला की बर्फ खरा आहे, आम्ही दोघं खरे आहोत, मधातल्या बाईंना तेवढं येऊ द्या.