ग्रेडरकाका आणि पाच वेबसाइटी

ग्रेडरकाका कोणालाही एकच प्रश्न दोनदा विचारत. लागोपाठ नाही. मध्ये चार-पाच दिवस जाऊ देत आणि मग काहीच आठवत नसल्यासारखा चेहरा करून तोच प्रश्न पुन्हा टाकत. घाटंजीच्या बाजारातल्या बियाणेवाल्यापासून यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळे या चाळणीतून गेले होते. मी त्यांचा भाडेकरू, तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारा. माझा पगार किती तारखेला होतो हे त्यांनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी वेगळी तारीख सांगितली, कारण दोन्ही महिन्यांत ती वेगळीच होती. तरी माझ्याविषयीचं त्यांचं मत वर्षभर जरा उतरलेलंच राहिलं.

ही खोड नोकरीतली. ते सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे न बघता ग्रेड सांगायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नवे असताना त्यांच्या साहेबांनी एकाच गाडीतला कापूस सकाळी एका नावाने आणि दुपारी दुसऱ्या नावाने त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी सकाळी एक ग्रेड दिला, दुपारी दुसरा. "तवा मले समजलं," ते सांगायचे, "का माल तपासाच्या आंधी तपासणाराले तपासा लागते." हे सांगताना त्यांना अजूनही थोडी लाज वाटायची.

एका रविवारी सकाळी "जय भीम, सर" म्हणत ते माझ्या खोलीत आले आणि उभ्यानेच बोलले. त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरने दोन्ही वेळा एकसारखं सांगितल्यामुळे काकांनी ते मान्य केलं होतं. निवृत्तीच्या पैशांतला काही भाग त्यांनी शेअरांत घातला होता आणि त्याची काळजी आजवर तेच घेत. "तुमच्यापाशी लॅपटॉप हाये," ते म्हणाले. "कंपन्यायची माहिती देणाऱ्या लय वेबसाइटी हायेत म्हंते. त्यातली एक अशी काढून द्या, का माह्या मांगं मंदा एकटी पाहीन आन् एकटी ठरवीन. जावयाच्या तोंडाकडं पाहाची पाळी तिच्यावर नाई आली पाह्यजे." मंदाकाकू म्हणजे त्यांची बायको, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली. आपल्या नावाने काय चाललंय याची तिला तोवर कल्पना नव्हती.

मी हो म्हणालो. एका तासात उरकेल असं मला वाटलं होतं. पुढचे सात महिने माझे रविवार त्यात गेले.

आम्ही पाच वेबसाइटी निवडल्या. एक कंपनीला शंभरपैकी गुण देई. दुसरीवर मोठमोठ्या तज्ज्ञांनी सांगितलेले भविष्यातले भाव असत. तिसरी वर्गणी घेई आणि तिच्यावर लाल-हिरव्या दिव्यांची नुसती दिवाळी. चौथीवर माहिती कमी आणि कर्जाच्या जाहिराती जास्त. पाचवी अगदीच रूक्ष, पांढऱ्यावर काळे आकडे, दहा वर्षांची विक्री, नफा, कर्ज आणि खाली कंपनीच्या मूळ वार्षिक अहवालांचे दुवे. सल्ला नाही, गुण नाहीत, शाबासकी नाही. मला ती मुळीच आवडली नव्हती. माझा कल दिव्यांकडे होता.

काकांनी आपली परीक्षा लावली. एकाच कंपनीचं पान सोमवारी पाहायचं आणि शुक्रवारी पाहायचं. गुण देणारीने सोमवारी बहात्तर दिले आणि शुक्रवारी अठ्ठावन्न. मधल्या काळात कंपनीने काहीच जाहीर केलं नव्हतं, फक्त भाव थोडा हलला होता. "हा ग्रेडर गाडीवाल्याचं तोंड पाहून ग्रेड देते," काका म्हणाले आणि तिच्या नावावर काट मारली. तज्ज्ञांचे भाव त्यांनी फरदडीत काढले. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर वेचलेला उरलासुरला कापूस. भाव चढला की दोन दिवसांनी तज्ज्ञही आपला आकडा चढवत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

पण माणूस आपल्याच परीक्षेला किती धरून राहतो ते पाहायचं तर पाइपांची कंपनी आठवावी लागते. शेतीचे पाइप बनवणारी ती कंपनी काकांनी आधीच घेतलेली होती. चार वर्षं विक्री वाढती, नफा वाढता. काट मारलेल्या धरून पाचही ठिकाणी तिचे आकडे चढते, जिथे शेरे होते तिथे कौतुक. दिव्यांवालीने तर सगळे दिवे हिरवे केले होते. काका खूश झाले. "पाच साक्षीदार हायेत, सर," असं म्हणून त्यांनी आणखी शेअर घेतले आणि त्यांच्या भरवशावर मीही थोडे घेतले.

त्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या आणि पडद्यासमोर थांबल्या. विक्रीचा आलेख वर जात होता. तीस वर्षं त्यांनी लेकरांच्या वजनाचे आलेख भरले होते, त्यामुळे अशा रेघेकडे त्या सहज पाहू शकत नसत.

"हे कायचं वजन हाये?" त्यांनी विचारलं.

"कंपनीचं समज," काका म्हणाले. "दर साली वाढून राह्यलं."

"सूज पाह्यली काय?"

आम्ही दोघांनीही मान वर केली. काकूंनी ट्रे ठेवला आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं. काही लेकरांचं वजन आलेखात बरोबर दिसतं, पण ते पाण्याचं असतं. पायावर अंगठ्याने दाबायचं, खड्डा तसाच राहिला तर ती सूज. "तसं लेकरू काट्यावर धडधाकट दिसते. पहिल्या साली मी असंच एक लेकरू हिरव्या पट्ट्यात भरलं होतं. सुपरवायझर बाईनं पाय दाबून दाखवला." त्या लेकराचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. 

सुजेच्या प्रश्नाचं मला आधी हसू आलं होतं, पण काका हसले नव्हते. कंपनीचा पाय कुठे दाबायचा हे त्यांनाच माझ्यापेक्षा आधी कळलं. रूक्ष वेबसाइटीवर खाली एक ओळ होती: धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड. तीन वर्षं ती घटत होती. माल जात होता, पैसा विक्रेत्यांकडे अडकत होता आणि कंपनी कर्जावर फुगत होती. तरी काकांचा जीव मानेना. "पाच जण चांगलं म्हणून राह्यले, ते काय येडे हायेत?" असं म्हणत त्यांनी मूळ अहवाल उघडायला लावला.

अहवाल दोनशे पानी. कर्जाचा आकडा मी वाचत गेलो आणि काका वेबसाइटीवरून वहीत उतरवलेल्या आकड्याशी ताडत गेले. एका वर्षाचा जुळेना. वेबसाइटीवर तो अहवालापेक्षा बराच कमी होता. दुसरी उघडली, तिथेही तोच चुकीचा आकडा. तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे तोच. काका खुर्चीत मागे टेकले. "पाच जण एकच चूक करत नाईत, सर," ते हळूच म्हणाले. "पाची गाड्यायतला कापूस एकाच वावरातला हाये. आन् मी पाच साक्षीदार मोजून बसलो."

सगळे आकडे कुठल्या तरी एकाच कोठारातून येतात आणि वेगवेगळ्या रंगांत वाढले जातात, ही साधी गोष्ट मला पदवीधर असूनही सुचली नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही शेअर विकले, दोघांनीही थोडं नुकसान सोसून. कंपनी नंतर बुडाली वगैरे काही नाही. तिचा भाव वर्षभर रेंगाळत राहिला. तो चढणार हे ठाऊक असतं तरी काकांनी विकलेच असते, एवढं त्यांना ओळखणारा कोणीही सांगेल.

वर्गणीची वेबसाइट त्यांनी बंद करायला लावली आणि रूक्ष ठेवली. तीही त्याच कोठारातली होती, पण निदान मूळ कागदाचा रस्ता दाखवत होती. "हे सल्ला देत नाई," ते म्हणाले. "म्हणून मंदाले चालते."

मग काकूंचं शिक्षण सुरू झालं. इंग्रजी मथळे त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी एका पुठ्ठ्यावर ओळींच्या क्रमाने मराठीत लिहून घेतलं: विक्री, नफा, कर्ज, हातात आलेली रोकड. शेवटच्या ओळीपुढे कंसात सूज लिहिलं. अहवालातलं कर्जाचं पान ओळखता यावं म्हणून तिथला इंग्रजी शब्दही खाली चितारून घेतला. काका शिकवताना चिडत. "अवं, थे नाई, त्याच्या खालचं," असं दिवसातून दहादा. काकू चिडत नसत. दोन अंगणवाड्यांची रजिस्टरं एकटीने सांभाळलेल्या बाईला एक चिडका माणूस काय जड जाणार.

दोन वर्षांत काकांची नजर जवळजवळ गेली. रोज दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की ते हातातल्या सगळ्या कंपन्यांचे भाव एकेक करून विचारत, काकू मोबाइलवरून वाचून दाखवत, सांगितलं की विकूनही देत, आणि काय ठेवायचं, काय विकायचं ते काकाच ठरवत. मला ते बघून वाईट वाटायचं आणि थोडा रागही यायचा. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला तीच होत नव्हती. काकू वाचणाऱ्या झाल्या होत्या, ठरवणाऱ्या नाही. हे काकांनाही कळत असावं, पण सवय सुटत नव्हती.

जानेवारीतली दुपार होती. काकू अंगणात उन्हाला तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मी शेजारी बसलो होतो.

"सिमेंटवाल्याचं काय म्हंते आज?" काकांनी विचारलं.

"इकलं ते," काकू म्हणाल्या.

"कवा?"

"परवा. तीन साल झाले, कर्ज वाढून राह्यलं होतं. अहवाल उघडून पाह्यला, त्यातबी तेच होतं."

"मले इचारलं नाई?"

"नाई."

काकूंचा हात थांबला होता. मला वाटलं आता आवाज चढणार. उठून जावं की बसावं, ते मला समजेना. काकांनी चाचपडत हात पुढे केला आणि ते म्हणाले, "आन त्या शेंगा इकडं. मी सोलतो."

काकूंनी सूप त्यांच्या मांडीवर सरकवलं. बाकीच्या कंपन्यांचे भाव विचारायचे राहिले होते, ते काकूंनी सांगितले नाहीत आणि काकांनी विचारले नाहीत. मला दोघांचाही फार हेवा वाटला.

त्यानंतर काका चार महिने होते. भाव त्यांनी एकदाही विचारला नाही.