शिवदोरा तुटला त्या सोमवारी

सन १९८२. माझं वय तेव्हा बासष्ट, निदान आईच्या सांगण्यावरून तेवढंच. लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, आमच्या अहमदपूरकडच्या गावातून सहस्रकुंडाला कराराची एसटी निघाली. श्रावण असून आभाळ कोरडं होतं. मूग उगवले तसेच वाळले. आडात बादली सोडली की खडकाचा आवाज यायचा. पूजा मी रोज करत होतो, पण खरं सांगतो, आतून मन उठलं होतं. महादेव ऐकून न ऐकल्यासारखं करतो असं वाटायचं.

मला जायचंच नव्हतं. पाणी नसलेला धबधबा बघायला एवढ्या लांब कशाला, असं मी मठाच्या स्वामींना तोंडावर विचारलं. यात्रा तेच नेत होते. पण घरचीचा हट्ट पडला. ती मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती, आणि तापात तिनं तिथल्या महादेवाला दर्शनाला येते म्हणून बोलून ठेवलं होतं.

आम्ही लिंगायत. लहानपणी गुरूंनी दिलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत ठेवून शिवदोऱ्यानं गळ्यात बांधायचं, रोज तळहातावर घेऊन पुजायचं, आणि ते अंगावर नसलं तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण हा नेम मी कधी मोडला नव्हता आणि त्याचा मला ताठा होता. त्यावर माझा स्वतःचा आणखी एक नेम. माझी पूजा होईस्तोवर घरात कोणी पाण्याला तोंड लावायचं नाही. त्या दिवशी पूजा कुंडावरच करायची असं मी ठरवलं, म्हणून रात्रीपासून आम्ही दोघं कोरडेच होतो. गळ्यातला दोरा विरला होता. "अवो, दोरा बदला की," असं ती कितीदा म्हणाली. मी म्हणायचो, "तुझ्यापेक्षा मजबूत हाय त्यो."

भोकर मागं पडलं तशी गाडीत थट्टा रंगली. कोणी म्हणालं, "जिल्हा दिला, आता पाणी कवा देतेत?" मागून उत्तर आलं, "पाणी जुन्या जिल्ह्यातच राह्यलं, उस्मानाबादेत!" सगळे हसले. घरची खिडकीला डोकं टेकून बसली होती, ती हसली नाही. ते मी पाहिलं.

पैनगंगा तिथं काळ्या खडकाच्या भिंतीवरून खाली उडी घेते. त्या साली भिंतच होती, उडी नव्हती. कडेनं दोरीएवढी एक धार गळत होती. मी स्वामींकडं बघितलं, सांगितलं होतं ना, अशा नजरेनं. ते शांतपणे म्हणाले, "अप्पा, पाणी असलं की आपण नुसतं पाणीच बघताव. आज खडक बघा." मग ते सगळ्यांना घेऊन देवळाकडं गेले. मी घरचीला घेऊन पूजेसाठी खडकावरून खाली उतरू लागलो. सगळा खडक खळग्यांनी भरलेला, खळग्यांत वाळला पाचोळा. एका उंच दगडावरून खाली येऊन मी गळ्याला हात लावला, तर दोरा नाही, डबी नाही.

खळगे चाचपत फिरलो. स्वामी धावत आले. म्हणाले, "पाणी घ्या अप्पा, मठातून नवं लिंग देऊ." मी म्हणालो, "गुरूनं दिलेलं घावल्याबिगर हितून उठणार न्हाई." लोक शोधून थकले. ऊन डोक्यावर आलं. घरची दगडाला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. "तू घे पाणी," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमी घेतल्याबिगर न्हाई." माझाच नेम तिनं माझ्यापुढं धरला होता.

तेवढ्यात शेरड्या राखणारी एक म्हातारी वरून उतरली, काखेत पाण्याचा तुंबा. "काय शोधून राहिला बाप्पा?"

"देव."

तिनं घरचीकडं पाहिलं. "देव सापडल तवा सापडल. ही तुही बायको मरून राहिली ना! धर वंजळ."

कोणाची कोण, कुठली कोण, तिच्या हातचं पाणी, तेही लिंग अंगावर नसताना. हात पुढं होईना. मग घरचीची मान एका बाजूला कलली, आणि माझ्या आतलं काहीतरी सुटलं. मनात म्हणालो, महादेवा, मी हरलो. तुझं तू बघ, मला हिला बघू दे. आणि ओंजळ धरून एक घोट घेतला.

मग घरची प्यायली. घाईत ठसका लागला, पाणी हनुवटीवरून सांडलं आणि उतारानं एका खळग्यात गेलं. दुष्काळातला माणूस, सांडलेल्या पाण्यामागं माझी नजर गेलीच. एक शेरडी तिथं तोंड घालून ओला पाचोळा चघळू लागली. तिनं मान वर केली तेव्हा तोंडात माझा शिवदोरा होता, आणि खाली डबी लोंबत होती.

"अवं रांडे, सोड! देव हाय ना तो!" म्हातारी ओरडली. घरची इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, रडत रडत. त्या खळग्यात मी आधी हात घातला होता की नव्हता, ते आजही मला सांगता येत नाही.

डबी कपाळाला लावून मी वर बघितलं, तोवर म्हातारी शेरड्यांमागं वर चढून गेली होती. नाव विचारायचं राहिलं. पाऊस त्या दिवशी आला नाही, आणि मी मागितलाही नाही. स्वामींनी नवा दोरा बांधला. मी विचारलं, "पाणी प्यालो, त्याचं प्रायश्चित्त काय?" ते म्हणाले, "घरी गेल्यावर तुमचं तुम्हालाच कळंल." देवाला मी इतकी वर्षं घट्ट धरून होतो. मूठ उघडल्यावर तो हाती आला, हे त्याचेच उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागरीतलं पाणी पेल्यात ओतून आधी तिच्या हातात दिलं. "अवो, पूजा व्हायचीय तुमची," ती घाबरून म्हणाली. "पी," म्हणालो. तिचं पिऊन होईस्तोवर तिथंच उभा राहिलो, आणि मग उरलेल्या पाण्यावर पूजेला बसलो.